थंड पाण्याची काठी

ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही, त्या घरातील साठी उलटून गेलेल्या एका गृहस्थाने मासे धरण्याची काठी खांद्यावर टाकून समुद्राची वाट धरावी, हे त्यास शोभते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून हे घडले खरे, आणि ते कसे घडले हे सांगण्यास आता घरातूनच परवानगी मिळाली आहे.

आमचे घर वसईस, किल्ल्याच्या वाटेवर. जेथे १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तट फोडला, तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर. पण आमच्या घराचा आणि समुद्राचा संबंध वाऱ्यापुरताच. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा सुटला म्हणजे पाचूबंदराकडील वाळत्या बोंबिलांचा वास ओसरीपर्यंत येई आणि आमच्या मातुःश्री ऊद जाळीत. एवढ्यावरच भागत असे.

आमचे धाकटे बंधू यांचे चिरंजीव सात-आठ वर्षांपासून नॉर्वे देशात अगदी उत्तरेस, ट्रॉम्सो नावाच्या गावी असतात. त्या गावी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. अशा दिवसांत माणूस वेळ घालविण्यास काहीतरी शोधतोच. ह्या मुलाने मासेमारीच्या काठ्या बांधण्याचा नाद लावून घेतला. कार्बनच्या तंतूंची पोकळ काठी विकत आणावयाची आणि तिला मूठ, रीळ बसविण्याची बैठक आणि दोर ओवण्याच्या कड्या आपल्या हाताच्या व ताकदीच्या मापाने बसवावयाच्या. प्रत्येक कडीचे पाय रेशमासारख्या दोऱ्याने वेढे देऊन काठीला जखडतात आणि वर एपॉक्सीचा लेप देतात. दुकानची काठी म्हणजे तयार सदरा. ही म्हणजे शिंप्याकडून शिवून घेतलेला.

मातुःश्रींच्या वर्षश्राद्धास हे चिरंजीव आले, तेव्हा अशी एक काठी व एक पेटी बरोबर होती. अर्नाळ्यास जुन्या शाळासोबत्यांबरोबर जावे असा बेत असावा. तेराव्या दिवसाला येता आले नव्हते म्हणून अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, मनात अगोदरच किंचित अढी होती. त्यात एके संध्याकाळी मुलाने मोठ्या उत्साहाने आजोबांसमोर फोन धरला. चित्रात तो स्वतः, बर्फाच्या डोंगरापुढे, आणि दोन्ही हातांत हात-दीड हात लांबीचा कॉड मासा. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला व म्हणाले, "हे चित्र ह्या घरात पुन्हा काढू नकोस."

मुलगा काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी परत गेला. काठी व पेटी माळ्यावर राहिली. त्यानंतर दोन वर्षे दर रविवारी त्याचा फोन येई, सर्वांची विचारपूस होई, आणि अण्णा त्या वेळी नेमके देवघरात असत. एकत्र कुटुंबात भांडणे मिटविण्याचे शंभर मार्ग असतात. पण भांडण झालेच नाही असे दोन्ही पक्ष म्हणू लागले म्हणजे मिटवावयाचे काय, हा प्रश्न पडतो.

दिवाळीपूर्वी माळा साफ करताना ती काठी आमच्या हाती आली. बँकेतून निवृत्त होऊन आम्हांस तीन वर्षे झाली होती. डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले होते. ह्या मुलाचा जीव कशात गुंतला आहे ते एकदा पाहावे, एवढाच विचार. पेटी उघडली तो आत धातूचे चकचकीत मासेच मासे! कोणी रुपेरी, कोणी निळसर, कोणी पाठीवर तांबूस रेघ असलेला.

ह्या वस्तूस जिग म्हणतात. शिशाच्या वा दुसऱ्या धातूच्या तुकड्याला माशाचा आकार द्यावयाचा आणि त्यास गळ जोडावयाचा. खाऊ लावावयाचा नाही. आमिष म्हणजे त्या तुकड्याचे चालणे. नॉर्वेच्या समुद्रात तो तळापर्यंत सोडतात, वाव-दीड वाव वर उचलतात आणि पुन्हा पडू देतात. पडताना तो घायाळ माशासारखा गिरक्या घेतो, आणि तळाशी असलेला कॉड त्यावर झडप घालतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बॅरेन्ट्स समुद्रातील कॉड अंडी घालण्यासाठी लोफोटेन बेटांकडे येतो. तेथील लोक तो लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात वाळवितात. म्हणजे आमच्या पाचूबंदराचेच हे उत्तरेकडील भावंड म्हणावयाचे, फरक फक्त माशाच्या मापाचा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरही ह्याच शिशाच्या माशांनी पिढ्यान् पिढ्या कॉड ओढला. पुढे मोठ्या जहाजांच्या जाळ्यांनी तो इतका संपविला की १९९२ च्या जुलैत कॅनडा सरकारास तेथील धंदाच बंद करावा लागला.

आम्ही पेटीतील सर्वांत जड मासा निवडला. मोठा मासा मोठ्या आमिषास येतो, हा आमचा तर्क. आणि मोठ्या भरतीबरोबर मोठे मासे येतात, हा दुसरा. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस धरला. दोन्ही तर्क सपशेल चुकीचे होते. जेट्टीकडे, जेथून २०२४ पासून भाईंदरची रो-रो बोट सुटू लागली आहे, त्या बाजूच्या खडकांवर आम्ही उभे राहिलो. खाडीचे पाणी चहासारखे, आणि त्यास ओढ अशी की दीड पाव वजनाचा तो धातू तळास लागण्याऐवजी तिरपा वाहत जाऊन खडकांत अडकला. ओढला, तुटला. दुसरा बांधला, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी आम्ही घसरलो, काठी खडकावर आपटली आणि मधल्या एका कडीचा पाय सुटून दोरा उसवला. तीन मासे गमावले होते, तेही स्वतःजवळचे. आम्ही घरी येऊन काठी जिन्याखाली ठेवली आणि फिरावयास गेलो होतो असे सांगितले, जे अक्षरशः खोटे नव्हते.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. नॉर्वेचे पाणी स्वच्छ आणि खोल. हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत थंड. तेथे मासा पाहून येतो, आणि खोल जावयाचे म्हणून जिग जड. आमचा समुद्र उथळ, तळ चिखलाचा, हिवाळ्यातही पाणी पंचवीस अंशांच्या आसपास. एका समुद्रासाठी घडविलेली वस्तू दुसऱ्या समुद्रात नेली म्हणजे ती नुसती निरुपयोगी ठरते असे नव्हे, हास्यास्पदही ठरते.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेस दुसरी फेरी. सुटलेली कडी चिकटपट्टीने बांधली. ह्या वेळी धातूच्या जोडीस खरा खाऊ असावा म्हणून बाजारातून दहा रुपयांची करंदी घेतली. आयुष्यात प्रथमच मासळीबाजारात शिरलो. विकणाऱ्या बाईंनी आमच्याकडे व आमच्या कपाळावरील गंधाकडे पाहिले आणि जास्त घातली. पुडी कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवून किनाऱ्यावर आणली. काही वेळाने काठीचे टोक खरोखर हलले! दोर गुंडाळला तो त्यास एक राखी रंगाचा, मिशा असलेला, गुळगुळीत मासा. आनंदाच्या भरात आम्ही तो मुठीत धरला. तो शिंगाळा होता. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंस एकेक असे करवतीसारखे विषारी काटे असतात, हे ज्ञान आम्हांस त्याच क्षणी, तळहाताच्या मार्गाने झाले.

शेजारी होडीचे दोर सोडवीत बसलेले एक वृद्ध नाखवा उठून आले. त्यांनी माशास शेपटीमागून शिताफीने धरले, गळ काढला आणि आमचा हात पाहिला. "घरी जाऊन ऊन पान्यात हात ठेवा, सोसल तेवढ्या. सूज उतरल." मग काठीकडे पाहून म्हणाले, "काठी बेस हाय. पन काका, उधानाला कशाला येता? पानी गढूल. मावऱ्याला तुमचा चांदीचा तुकडा दिसल कसा? भांगाला या. आनि हा जड नको, ह्यो पातळ लावा," असे म्हणून त्यांनी पेटीतील सर्वांत बारीक, पानासारखी चपटी जिग काढून दिली. "ह्यो थरथरतो. आमचा रावस बघत नाय, चाचपतो."

हे वाक्य किती शास्त्रशुद्ध होते ते आम्हांस पुढे वाचनाने कळले. रावसाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंस चार-चार सुटे तंतू असतात, त्यांनी तो गढूळ पाण्यात तळ चाचपीत फिरतो. त्याच्या शास्त्रीय नावातच चार बोटांचा उल्लेख आहे. डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा. शिवाय माशांच्या कुशीवरून एक रेषा जाते, तिने त्यांस पाण्यातील कंप जाणवतो. चकाकी नव्हे, थरथर हवी.

निघताना नाखव्यांनी आणखी एक विचारले. "तुमी लोक खात नाय ना? मग पान्याला तरास कशाला देता?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

घरी हात लपविणे शक्य नव्हते. सौभाग्यवतींनी पाणी तापविले, वहिनींनी हळद आणली, सुनेने दवाखान्यात नेऊन धनुर्वाताची सुई टोचवून आणली, आणि ह्या गडबडीत अण्णा काठी टेकीत माजघरात आले. अण्णांचे वय अठ्ठ्याऐंशी. चाळीस वर्षे संस्कृतचे अध्यापन केलेले. "काय चावले?" त्रेसष्टाव्या वर्षी अठ्ठ्याऐंशीच्या बापाशी खोटे बोलणे जमत नाही. आम्ही सांगितले. अण्णा काही न बोलता परत गेले. त्या रात्री जेवण फार शांततेत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपल्यावर त्यांनी हाक मारली. पुढ्यात पंचांग होते.

"काल भरती किती वाजता होती?"

"दुपारी असावी."

"असावी! तिथी कोणती होती?"

"तृतीया."

"तिथीची पाऊणपट कर. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती. तू गेलास चारला, म्हणजे ओहोटीच्या भर ओढीत. आमच्या वडिलांच्या वेळी खाडी तरीने ओलांडावी लागे. हा हिशेब न येणारा माणूस चिखलात उभा राही." थोडे थांबून म्हणाले, "त्या कोळ्याने भांग सांगितला ना? तो अष्टमीचा म्हणतात, पण पाणी खरे बसते नवमी-दशमीस."

आम्ही थक्क झालो. पौर्णिमेस पंधरा पाऊणे सव्वाअकरा, अष्टमीस सहा. घड्याळाचा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तरी वसईच्या किनाऱ्यास हा हिशेब लागू पडतो. जो हिशेब कोळीवाड्यात तोंडपाठ, तोच आमच्या देवघरातील पंचांगातून निघत होता, आणि साठ वर्षे आम्ही त्या पंचांगात केवळ राहुकाळ व सुट्ट्या पाहिल्या होत्या.

वातावरण निवळले आहे असे समजून आम्ही आमचा युक्तिवाद पुढे केला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात काठी, दोरी, गळ, आमिष, कोणत्या माशास काय आवडते, सारे आले आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादून प्रसिद्ध केला, पहिला खंड १९२५ साली. आणि १९५१ साली प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. इतके सर्व आम्ही मोठ्या तयारीने सांगितले.

"वाचले आहे," अण्णा म्हणाले. "तो राजाचा विनोद. तू राजा कुठला?"

युक्तिवाद तेथेच संपला. पण अण्णा पुढे म्हणाले ते आमच्या आजही कानांत आहे. खाण्यासाठी जीव घेणारा आपल्या पोटाचा हिशेब देवास देईल. पण केवळ गंमत म्हणून जिवाच्या तोंडात लोखंड अडकवावयाचे, फोटो काढावयाचा आणि परत सोडून स्वतःस दयाळू म्हणवावयाचे, हे त्यांस अधिक वाईट वाटे. त्या चित्राचा राग त्याचाच होता. "त्याने तो मासा खाल्ला का?" त्यांनी एकाएकी विचारले. खाल्ला, आम्ही म्हटले. त्या मुलुखात हिवाळाभर तेच अन्न, आणि तो एका दिवसास लागेल तेवढेच धरतो असे त्याने आम्हांस सांगितले होते. अण्णांनी पंचांग मिटले. "मला नाही सांगितले."

तुम्ही विचारले नाही, हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले.

उसवलेल्या कडीचे काम राहिलेच होते. मुंबईच्या एका दुकानदाराने महिन्याची मुदत आणि अशी रक्कम सांगितली की त्यात नवी काठी आली असती. पेटीत मुलाची तांबड्या दोऱ्याची गुंडी होती व एपॉक्सीच्या दोन लहान बाटल्या. आम्ही ओसरीवर बसून वेढे देऊ लागलो. एक वेढा सैल, दुसरा पहिल्यावर चढलेला. चार वेळा उसवले. अण्णा झोपाळ्यावरून पाहत होते. शेवटी त्यांस ते पाहवेना.

"आण इकडे. साठ वर्षे जानवी केली मी."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. हे दृश्य पाहून स्वयंपाकघरातील सर्व मंडळी दाराशी गोळा झाली, पण कोणी ब्र काढला नाही. अण्णांची बोटे आता कापतात. पेला धरताना पाणी सांडते. पण दोरा चिमटीत आला आणि कंप कुठल्या कुठे गेला. डाव्या हाताने काठी फिरवावी, उजव्या अंगठ्याच्या नखाने प्रत्येक वेढा मागच्यास भिडवावा. दोरा त्यांनी ओढला नाही, काठीच फिरवीत राहिले. शेवटच्या सहा वेढ्यांखाली दोऱ्याचा एक फास ठेवून टोक त्यातून ओढून आत घेतले, गाठ कोठेही दिसेना. ही युक्ती त्यांस कोणी शिकविली असे विचारता, "गाठ दिसली की ती झिजते," एवढेच म्हणाले. मग मुलाने दिलेले इतर वेढे निरखून पाहिले, एकावरून नख फिरवून पाहिले. "बरे केले आहेत," म्हणाले. "अंधारात बसून केले ना त्याने?"

एपॉक्सीचा लेप दिला म्हणजे तो बसेपर्यंत काठी सारखी फिरवीत राहावी लागते, नाहीतर लेप ओघळून एका बाजूस फुगतो. बाजारात ह्यासाठी विजेचे यंत्र मिळते. आमच्याकडे अण्णा होते. दुपारभर झोपाळ्यावर बसून त्यांनी विष्णुसहस्रनामाची आवर्तने केली आणि दर दोन-तीन श्लोकांस काठी पाव वेढा फिरविली. पाचव्या आवर्तनास लेप बोटास चिकटेनासा झाला.

मार्गशीर्ष वद्य दशमी त्यांनीच नेमून दिली. दहा पाऊणे साडेसात. एकादशीस सव्वाआठ, म्हणजे उजेड अधिक मिळाला असता. परंतु एकादशीस ती काठी घराबाहेर पडणार नाही हे आम्हांस न सांगताही कळत होते. अट एक: एकच मासा, तो खाणाऱ्याच्या घरी जावयाचा, आणि मिळाला की काठी मिटावयाची.

पहाटे सहास निघालो. खडकावर पोहोचलो तेव्हा पूर्वेस थोडे फटफटत होते. वारा जमिनीकडून, गार. पाणी पाहून आम्ही ओळखलेच नाही: ती ओढ नाही, तो गढूळपणा नाही, हिरवट, जवळजवळ स्थिर, खडकाचा बुडालेला भाग हातभर दिसत होता. पातळ जिग दोरास बांधली. ही काठी दीडशे ग्रॅम फेकण्यास बांधलेली, आणि हा तुकडा जेमतेम चाळीसाचा. त्यामुळे तो फार दूर जात नव्हता. पण गुंडाळताना त्या पातळ पत्र्याची थरथर दोरातून, कड्यांतून, थेट मुठीत येत होती, जणू मुठीत चिमणी धरली आहे. त्या मुलाचा जीव कशात गुंतला ते आम्हांस तेव्हा समजले. मासा अजून लागला नव्हता.

तो लागला सूर्य वर आल्यानंतर. आधी थरथर थांबली, मग काठी वाकली, आणि रीळ कुरकुरत दोर सोडू लागले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. नाखवा केव्हा शेजारी आले तेही कळले नाही. "ओढू नका, जाऊ द्या त्याला. दमल." शेवटी पाण्याच्या कडेस चंदेरी अंग चमकले, आणि त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून तो उचलला. रावस, दोन किलोस थोडा कमी. गळ्याखालचे तंतू अजून हलत होते, काहीतरी चाचपीत.

आम्हांस वाटला तितका आनंद झाला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नाखव्यांनी तो चटकन मारला. आम्ही काठी मिटली. "झाला?" त्यांनी विचारले. झाला, एकच, आम्ही म्हटले, आणि हा तुमच्या घरी जावयाचा. ते आमच्याकडे क्षणभर पाहत राहिले. संध्याकाळी त्यांचा नातू आमच्या दारी आला, केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी घेऊन. अण्णांनी त्यास ओसरीवर बसवून नाव, इयत्ता विचारली आणि सुकेळ्यांचा पुडा स्वतः देवापुढे ठेवला.

आम्ही काठीचे एक चित्र काढून पुतण्यास धाडले, माशाचे नव्हे. उत्तर तत्काळ आले. तिसऱ्या कडीचे वेढे माझे नाहीत, काका. इतके सारखे वेढे कोणी दिले? तिकडील वेळ दुपारची, पण खिडकीबाहेर काळोख असणार. आम्ही त्यास काही लिहिले नाही. रविवार होता. फोन वाजला तेव्हा अण्णा देवघरात जाण्यास उठतच होते. आम्ही तो तसाच त्यांच्या हाती दिला.

"हं," अण्णा म्हणाले, "तुझा चौथ्या कडीचा दोरा थोडा सैल आहे. तो कसा राहिला ते आधी सांग."